शंभर सीसीची गाडी पूर्ण चालवता येते

ठाण्यात नवीन मोटरसायकल घ्यायचा विषय निघाला की हल्ली बोलणं साडेतीनशे सीसीच्या खाली येतच नाही. आमच्या ऑफिसातली पंचविशीतली मुलं चारशे, साडेसहाशेच्या गप्पा मारतात, महिन्याला हप्ता किती बसेल ते जुळवत बसतात, आणि पार्किंगमध्ये माझी शंभर सीसीची गाडी दिसली की म्हणतात, "ताई, एवढी आवड आहे तर आता मोठी घ्या ना." आवड आहे म्हणूनच छोटी ठेवली आहे, हे लिफ्टची वाट बघता बघता पटवून देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत असं की गाडीतली जेवढी ताकद आपण खरोखर वापरतो, तेवढाच चालवण्याचा आनंद मिळतो. न वापरलेली ताकद टाकीखाली पडून राहते. तिचं वजन, तिची धग आणि तिचा हप्ता मात्र रोज सोसावा लागतो.

वेगमर्यादाच बघा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटरसायकलला चौपदरी महामार्गावर जास्तीत जास्त ८० आणि शहराच्या हद्दीत ६० किलोमीटरची मुभा आहे, आणि स्थानिक मर्यादा पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी असते. स्प्लेंडरसारखी ९७.२ सीसीची, जेमतेम आठ अश्वशक्तीची गाडी सपाटीला ८० गाठते आणि त्यापुढे थोडीशीच जाते. कायद्याने आपल्याला जेवढा वेग दिलाय, तेवढा या इंजिनात जवळपास मापात बसतो. चौथा गिअर, रेस शेवटपर्यंत पिळलेली, इंजिन जीव तोडून पळतंय, आणि काटा पंचाहत्तरवर. गाडीकडे होतं नव्हतं ते सगळं तुम्ही मागून घेतलंय आणि तिने दिलंय, तेही कुणाच्या जिवाशी न खेळता. हजार सीसीच्या सुपरबाईकची ताकद दोनशे अश्वशक्तीच्या घरात असते. ती पहिल्याच गिअरमध्ये शंभरी ओलांडते. वरचे पाच गिअर ठाण्यात कुठे टाकायचे, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मोकळे, वेगाचे रस्ते झाले नाहीत असंही नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आहे, ईस्टर्न फ्रीवे आहे, अटल सेतू आहे, कोस्टल रोड आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात आमण्यापर्यंत येणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. यांतल्या एकाही रस्त्यावर दुचाकीला परवानगी नाही. आठ अश्वशक्ती असो की दोनशे, पुण्याला जायचं तर दोघींनाही पनवेल-खोपोलीच्या जुन्या रस्त्यानेच जायचं आहे. राहता राहिला पाम बीच रोड. वाशी ते बेलापूर, दहाएक किलोमीटर. रविवारी पहाटे तिथे मोठ्या गाड्या निघतात आणि त्यांचा आवाज मलाही आवडतो. पण त्या रस्त्यावर सिग्नल आहेत, सायकलवाले आहेत, नेरूळ-सीवूड्सची फिरायला निघालेली म्हातारी माणसं आहेत. त्या रस्त्याने किती घरांतली पोरं नेली हे नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मला त्याचा फार राग येतो. वेगाची हौस वाईट नाही. पण ती भागवायला आपल्याकडे जागा नाही, हे माहीत असूनही तशीच गाडी विकत घ्यायला पोरांना भरीस घातलं जातं.

माझा रोजचा रस्ता पातलीपाड्याहून माजिवडा, तिथून कळव्याचा खाडीपूल, विटावा, आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे. घोडबंदरवर मेट्रोचं काम निघाल्यापासून पत्र्यांच्या आडोशाने लेन कधी इकडे सरकते, कधी तिकडे. जेएनपीए बंदराहून गुजरातकडे निघालेले ट्रेलर कापूरबावडीला अडकले की सगळं ठप्प. अशा वेळी एकशे बारा किलोची, बारीक टायरची गाडी दोन बोटांच्या क्लचवर, पाय न टेकवता, चालत्या माणसाच्या वेगाने नेता येते. तिचं हँडल पुरतं वळतं. खड्डा शेवटच्या क्षणी दिसला तरी कमरेच्या एका हेलकाव्याने टळतो. माझ्या भावाची साडेसहाशेची गाडी मी याच रस्त्याने आणली आहे. इंजिन थंड करणारा तिचा पंखा सुरू झाला की गरम वारा सरळ मांडीवर येतो, आणि डावा हात कोपरापर्यंत भरून येतो. दादाचा त्या गाडीवर जीव आहे आणि तो ती फार सुंदर चालवतो. पण रोज ऑफिसला तोसुद्धा वहिनीची स्कूटर नेतो.

रहदारीतली सोय ही मात्र छोट्या गाडीची अर्धीच बाजू झाली, आणि लोक तिथेच थांबतात. "हो, सिटीत बरी आहे, ॲव्हरेज देते" एवढं म्हणून तिला दूधवाल्याच्या आणि डिलिव्हरीवाल्या मुलांच्या रांगेत लावून टाकतात. (त्या रांगेत उभं राहायला माझी काहीच हरकत नाही. पावसात, अंधारात, पाठीवर ओझं घेऊन जी मुलं दिवसभर गाडी मारतात, त्यांच्याइतकं रस्त्याचं ज्ञान आपल्यापैकी कुणाला नाही.) मला बोलायचंय ते घाटाबद्दल.

माळशेज घ्या. कल्याण, मुरबाड करत टोकावडं सोडलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते, आणि शंभर सीसीवर असाल तर तिथूनच डोकं कामाला लागतं. या गाडीत वेग कमवावा लागतो. एकदा कमावलेला वेग उगाच ब्रेक दाबून घालवला, तर तो परत मिळवायला पुढची शंभर मीटर झटावं लागतं. म्हणून वळण यायच्या आधीच वळणाचा विचार करायचा. तिसऱ्यात पंचेचाळीसने निघालो आहोत, पुढचं वळण डावं आणि चढतं आहे, त्याच्यापलीकडे ट्रकचा धूर दिसतोय. आता रेस किंचित सोडायची की टाचेने दुसरा टाकून वळणातून ओढत न्यायची? ठरवायला क्षणभरच मिळतो. इंजिन अडखळायला लागल्यावर गिअर बदलला तर उशीर झालेला असतो. त्याच्या आधीच आवाजात एक जडपणा येतो, तो कानाने ओळखायचा. बरोबर जमलं की गाडी वळणातून एका लयीत वर निघते, अंग आपोआप आत झुकतं, आणि चाळीसच्या वेगाला छातीत जे काही होतं ते मोठ्या गाडीवर मला एकदाही झालेलं नाही.

दादाच्या गाडीवर तोच घाट मी चढले तेव्हा तो कधी संपला ते कळलंसुद्धा नाही. गिअर कुठलाही असो, रेस जरा पिळली की गाडी वर. वळणात आधी वेग जास्त गेला, मग रेषा चुकली, तरी पुढच्या सरळ पट्ट्यात ताकदीने सगळं भरून काढलं. बहुतेकांना हा गुण वाटतो, आणि लांबच्या प्रवासात तो आहेच. शिकणाऱ्यासाठी मात्र तो घातक आहे. आपण काय चुकलो हे गाडी आपल्याला कळूच देत नाही. छोट्या गाडीवर प्रत्येक चूक लगेच वेगात दिसते, आणि वेग मुळातच कमी असल्यामुळे ती चूक सहसा हाडावर येत नाही. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चाळीसच्या जागी ऐंशी म्हणजे चौपट. म्हणून माझा आग्रह आहे की ज्याला मोठी गाडी घ्यायचीच आहे, त्याने आधी दोन पावसाळे शंभर-सव्वाशेवर काढावेत.

इथे यामाहाच्या आरएक्स शंभरचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. १९८५ ते १९९६ अशी अकराच वर्षं ती आपल्याकडे बनली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा अश्वशक्ती. ठाण्यात आजही कुठे जुनी आरएक्स सुरू झाली तर पन्नाशीतली माणसं मान वळवून बघतात. एवढं काय होतं तिच्यात? वजन शंभर किलोच्या आसपास होतं, हेच तर होतं. आजच्या १९५ किलोच्या, वीस अश्वशक्तीच्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० शी ताडून बघा: दर किलोमागे ताकद जवळजवळ तेवढीच भरते. म्हणजे आपल्याला जे हवंहवंसं वाटतं त्यातलं बरंचसं हलकेपणातून येतं. जाहिरातीत मात्र सीसी ठळक अक्षरांत असतात आणि वजन शेवटच्या ओळीत.

फोर-स्ट्रोकच्या, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांत असतं त्या इंजिनाच्या, बाजूला तर छोट्या इंजिनाचं घराणंच मोठं आहे. होंडाची सुपर कब १९५८ साली आली, आणि २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटी गाड्या बनल्या होत्या. मोटारवाहनांत दुसऱ्या कुठल्याही मॉडेलला हा आकडा गाठता आलेला नाही. आडवा निजलेला एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारा, देखभालीतल्या चुकांना माफ करणारा. आपल्याकडे १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ ला स्प्लेंडर आली ती याच बांध्याचं इंजिन घेऊन. वागळे इस्टेटमधला माझा मेकॅनिक म्हणतो, "ताई, ऑईल वेळेवर बदला, बाकी तिला काही लागत नाही." चेन पूर्ण झाकलेली असल्यामुळे चिखल-पाणी आत जात नाही, क्लच प्लेट तालुक्याच्या गावी मिळते, आणि पंक्चर काढायला टोकावड्याच्या पुढेही माणूस सापडतो. गाडीवर इतका भरवसा असला की माणूस मनात येईल तेव्हा निघतो. वज्रेश्वरी, तानसा, सरळगाव, कर्नाळा, उरण. उरणला जाताना खाडीवरून समोरचा वारा आला की काटा दहाने खाली येतो, मग टाकीवर वाकून, कोपरं आत घेऊन जायचं. त्यातसुद्धा मजा आहे.

बाई असून मोटरसायकल, त्यातही छोटी, याचे दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात. स्कूटी का नाही आणि बुलेट का नाही. माझी उंची बेताची आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकतात, उतारावर गाडी एकटीने मागे ओढता येते, आडवी झाली तर उचलता येते. दुसऱ्याच्या मदतीशिवाय निघता येणं आणि परत येता येणं याची किंमत आम्ही बायका फार चांगली जाणतो.

मोठ्या गाड्यांशी माझं वैर नाही. दोघं जण, सामान आणि गोव्यापर्यंतचा पल्ला असेल तर साडेतीनशे-चारशेचं इंजिन थकवा खरंच कमी करतं. मागे माणूस बसलेला असताना शंभर सीसीवर ट्रक ओलांडायचा म्हणजे लांबवर मोकळा रस्ता दिसेपर्यंत वाट बघावी लागते, आणि ज्याला वाट बघता येत नाही त्याने ट्रक ओलांडायला जाऊच नये. सरकारनेही सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्क्यांवर आणला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लावला, त्यामुळे खिशाच्या दृष्टीनेही रेघ आता स्पष्ट झाली आहे.

माझी खरी तक्रार छोट्या गाड्या बनवणाऱ्या सगळ्याच कंपन्यांकडे आहे. १२५ सीसीच्या वर एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ पासून सर्वच नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. त्याच्या खाली मात्र दोन्ही ब्रेक एकत्र लावणाऱ्या सीबीएसवर भागवलं गेलं. देशातली सर्वांत जास्त कुटुंबं ज्या गाड्यांवर बसतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांना अजून पुढेसुद्धा ड्रम ब्रेकच आहे. ओल्या रस्त्यावर, समोर अचानक रिक्षा वळते तेव्हा आठ अश्वशक्तीच्या गाडीलाही थांबायचं तितकंच असतं. मुरबाडच्या रस्त्यावर रात्री तिच्या दिव्याचा प्रकाश पुरत नाही. इंजिन जसं आहे तसंच राहू द्या, त्याला हात लावू नका. पुढे डिस्क द्या, एबीएस द्या, ट्यूबलेस टायर आणि दूरवर पडणारा दिवा द्या, आणि हे सगळं सर्वांत स्वस्त मॉडेलपासून द्या. काही मॉडेलना पुढची डिस्क आली आहे. गाडी बघायला जाल तेव्हा तीच मागा. शोरूममधला माणूस "शंभरला कशाला हवी?" म्हणाला, तर त्याला माजिवड्याचा सिग्नल संध्याकाळी सात वाजता दाखवायला घेऊन जा.