खुलासा : लिंबाच्या पानांवरची काजळी

‘लिंबाची पानं काळी पडली तर बुरशीनाशक फवारा’ हा मेसेज फिरतोय. काळा थर बुरशीचाच, हे खरं. पण ती पानात शिरत नाही, मऊ खवले किडीच्या (खवल्यासारखी पानाला चिकटून रस शोषणारी बारीक कीड) गोड, चिकट स्रावावर वाढते. ओल्या फडक्याने पुसा, खाली हिरवं पान दिसेल. माझ्या झाडाचं पान उलटलं तर शिरेलगत तपकिरी खवले, नखाने निघणारे, आणि मुंग्यांची रांग! बुरशीनाशकाने ही कीड मरत नाही. खवले जुन्या ब्रशने घासा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल नि थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. मोठ्या किडीला कवच वाचवतं, म्हणून नव्या पिल्लांसाठी १०-१५ दिवसांनी पुन्हा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.