टीमला शिव्या देण्याआधी हरलेली एक मॅच पुन्हा बघा

गेल्या रविवारी माझा मावसभाऊ आमच्याकडे इंदिरानगरला आला होता. बारावीला आहे, अभ्यासात चांगला आहे आणि व्हॅलोरंट, म्हणजे पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा ऑनलाइन गेम, जीव तोडून खेळतो. समोर मिसळ गार होत होती आणि हा मोबाइलवर मॅच हिस्टरी खालीवर करत बसलेला. "ताई, सातपैकी पाच हरलो. सिल्व्हरमध्ये टीमच अशी मिळते. मी वीस किल मारतो, बाकीचे नुसते उभे असतात." मग हळूच म्हणाला, एक जण चार हजारांत अकाउंट सिल्व्हरवरून दोन रँक वर, प्लॅटिनमला नेऊन देतो म्हणतोय. (हे त्याने नंतर मावशीला स्वतःच सांगितलं, आणि त्याला विचारूनच इथे लिहितेय.)

मी तीन वर्षं सोलो क्यू, म्हणजे ओळखीची टीम न घेता एकटीच, खेळतेय. सिल्व्हर १ ला सुरुवात केली, आज प्लॅटिनमच्याही वर, डायमंड १ ला आहे. अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे आकडा दिसला की तो आला कुठून हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. रँकबद्दल आपल्या पोरांच्या डोक्यात जे बसलंय ते बघून मनापासून वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

बहुतेकांना रँक ही कमाई वाटते. जास्त खेळा, जास्त पॉइंट जमवा. पण मुळात ही कल्पना आली बुद्धिबळातून. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून आधी अंदाज बांधायचा आणि निकाल अंदाजापेक्षा वेगळा लागला की आकडा दुरुस्त करायचा. फरक २०० चा असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवायला हवेत, ४०० चा असेल तर ९१. त्याने बरोबर तेवढेच मिळवले तर त्याचं रेटिंग जागचं हलत नाही, कारण तेवढं तर धरलेलंच होतं.

आपल्या नाशिकचाच ग्रँडमास्टर विदित गुजराथी घ्या. २०१७ मध्ये २७०० च्या वर गेला, २०२३ ला ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला, २०२४ ला टोरांटोला कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, खेळला. बऱ्याच खालच्या रेटिंगच्या खेळाडूला हरवून त्याच्या पदरात जेमतेम काही पडतं, आणि नुसती बरोबरी झाली तरी पॉइंट जातात. शिवाय फिडेत नवख्याचा आकडा ४० च्या गुणकाने हलतो, पुढे २० च्या, आणि एकदा २४०० गाठलं की १० च्या. माणूस जितका ओळखीचा, तितका त्याचा आकडा सावकाश हलतो. नव्या अकाउंटची रँक भराभर का चढते-उतरते आणि जुन्याची का चिकटून बसते, त्याचं कारणही हेच.

व्हॅलोरंटमध्ये आकडे दोन आहेत. दिसतो तो आरआर, म्हणजे रँक रेटिंग. इमॉर्टलच्या खाली प्रत्येक पायरीला शंभर, आयर्नपासून इमॉर्टलपर्यंत आठ रँक, प्रत्येकात तीन पायऱ्या, आणि सगळ्यात वर रेडियंट. दुसरा आकडा लपलेला असतो, एमएमआर, म्हणजे तुमच्या ताकदीचा गेमने बांधलेला अंदाज. मॅच लावताना गेम मुख्यतः हा दुसरा आकडा बघतो, आणि आरआरला हळूहळू त्याच्याकडे ओढत आणतो. म्हणून मॅच संपल्यावर नुसतं वर गेलो की खाली एवढंच बघू नका, कितीने गेलो ते बघा. जिंकल्यावर २४ मिळतात आणि हरल्यावर १४ च जातात, तर गेमच्या हिशोबाने तुम्ही दिसत असलेल्या रँकच्या वरचे आहात. जिंकून १५ आणि हरून २२ जात असतील तर रँक तुमच्या खेळाच्या पुढे पळालीय. भावाचं बघितलं, त्याचे १६ आणि २१ पडत होते. त्याला वाटत होतं गेमने त्याच्यावर डूख धरलाय.

आता टीमचं. त्रास खरा आहे, मी तो नाकारत नाही. कुणी मधेच निघून जातो, कुणाची लाइट जाते, कुणी चिडून जागचा हलत नाही. पण मोजून बघा. तुम्ही स्वतः मन लावून खेळता ना? मग तुमच्या बाजूला असा माणूस यायला चार जागा आहेत, समोर पाच. एका संध्याकाळी तुमच्या वाट्याला तिघं येतीलही, पण शंभर मॅचमध्ये हा त्रास समोरच्यांनाच जास्त झालेला असणार. त्या शंभर मॅचमध्ये कायम असणारा माणूस एकच, तुम्ही.

आणि शंभर मॅच म्हणजे किती ते तरी बघूया. जिंकून-हरून वीस-वीस धरले, तर शंभरात ५२ जिंकणाऱ्याला एकूण ८० आरआर मिळतात, म्हणजे एक पायरीसुद्धा पूर्ण नाही. ५५ जिंकणारा दोन पायऱ्या चढतो. एक मॅच पस्तीस-चाळीस मिनिटांची धरली तर हे साठेक तास झाले. या तीन मॅचमध्ये सगळा फरक आहे, आणि त्या तीन मॅच नुसतं अजून खेळून येत नाहीत.

म्हणून जेवण झाल्यावर मी भावाला त्याच्याच हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग लावायला लावलं. असेंट नावाच्या मॅपवरची, ११-१३ राउंडनी हरलेली. वही घेतली आणि तो प्रत्येक वेळी कसा मेला ते लिहीत गेलो. दोन तास लागले.

एकूण सतरा वेळा मेला. त्यात आठ वेळा असं, की बी मेन नावाच्या वाटेत डोकावला, एकाला मारलं, आणि लगेच त्याच कोपऱ्यातून, त्याच उंचीवर परत डोकावला. समोरचा दुसरा माणूस तिथेच नेम धरून थांबलेला. चार वेळा रीलोड करताना. एकदा तर व्हँडल बंदुकीच्या पंचवीसपैकी एकोणीस गोळ्या शिल्लक होत्या आणि याचं बोट आपोआप रीलोडच्या आर बटणावर गेलं. मी तिथे व्हिडिओ थांबवला आणि त्याला आकडा वाचायला लावला. तो काही बोलला नाही. पुन्हा मागे घेऊन स्वतःच बघितलं.

त्या वीस किलचंही तसंच. पाच तर राउंडचा निकाल लागल्यानंतरचे होते. आणि एक राउंड मला फार लागला. बाकी चौघांनी पुढच्या राउंडच्या बंदुकांसाठी गेममधले पैसे वाचवले, एकाने चॅटमध्ये सेव्ह लिहिलंसुद्धा होतं, आणि याने १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतली. तो राउंड गेला. पुढच्या राउंडला चौघांकडे व्हँडल आणि पूर्ण शिल्ड, म्हणजे २९०० अधिक १०००, आणि याच्या हातात ८०० चं शेरीफ पिस्तूल. तोही राउंड गेला. मॅच दोनच राउंडनी हरलेली आहे, हे लक्षात घ्या. इमॉर्टलच्या खाली तुमच्या वैयक्तिक खेळाला गेम थोडंफार वजन देतो, पण मुख्य वजन हार-जितीचंच.

मी कशी चढले हे लोक विचारतात. दोनच एजंट, म्हणजे गेममधली पात्रं, खेळले, त्यात धूर टाकून समोरच्यांची नजर अडवणारा कंट्रोलर, कारण सोलो क्यूत स्मोक टाकायला कुणी तयार नसतं. रोज वीस मिनिटं डेथमॅच, म्हणजे टीमशिवाय नुसती मारामारी, क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर ठेवायची सवय लागेपर्यंत. सलग दोन हरले की बंद. आणि माइक. मुलीचा आवाज ऐकला की काही जण काय बोलतात ते मी पुरेपूर ऐकलंय. पहिलं वर्षभर मी माइकच बंद ठेवला होता आणि त्यापायी किती राउंड गेले असतील देव जाणे, कारण मला दिसलेले समोरचे दोघं टीमला कळायचेच नाहीत. आता बोलणाऱ्याला म्यूट करते, रिपोर्ट करते, आणि मला काय दिसतंय ते टीमला सांगत राहते.

पैसे देऊन रँक चढवण्याबद्दल तर मला संतापच येतो. नियमात ते बसत नाही, अकाउंट बंद होऊ शकतं, आणि पासवर्ड परक्याच्या हातात जातो तो वेगळाच. पण मला आठवतो तो कॉलेज रोडच्या एका कॅफेत बघितलेला मुलगा. असंच चढवून घेतलेलं अकाउंट. लपलेला आकडाही सोबत चढलेला, त्यामुळे समोर सगळे त्या ताकदीचे. दोन किल, एकोणीस वेळा मेलेला. हेडफोनमधून त्याच्याच टीमच्या शिव्या बाजूच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होत्या आणि तो पडद्याकडे बघत गप्प बसला होता. सोळा-सतरा वर्षांचा असेल. बाकी चौघांची संध्याकाळही त्या चार-पाच हजारांत गेली, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

भावाने त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. वही घेऊन गेलाय. मंगळवारी रात्री फोन आला, "ताई, आज पण हरलो, पण दुसऱ्यांदा डोकावून दोनदाच मेलो." मी म्हटलं, रीलोडचं सांग. तिथे अजून तीन आहेत.

नाशिकमधलं कुणी सिल्व्हर-गोल्डमध्ये अडकलं असेल तर हरलेल्या एका मॅचचं रेकॉर्डिंग ठेवा आणि मला मेसेज करा. जिंकलेली नको. रविवारी दुपारी मला वेळ असतो, बसून मोजूया.