खारीला खारी म्हणायला काय जातं?

कोपऱ्यावरच्या बेकरीची ‘पॅटिसरी’ झाली आणि आमची खारी हरवली. ‘पाव किलो खारी द्या’ म्हटलं की काउंटरवरचा पोरगा विचारतो, ‘पफ स्टिक्स का, सर?’ अरे, चहात बुडवायची ती खारी! टोस्टचा झाला रस्क. नानकटाई म्हणे ‘एगलेस शॉर्टब्रेड’. नानकटाईत अंडं घालतं कोण? मावा केकचा कागद तोच, नाव मात्र ‘मिल्क मफिन’ आणि भाव तिप्पट. श्रुसबेरी तर मुळात इंग्लंडातल्या एका गावाचं नाव, पुणेकरांनी जिभेवर घोळवून घरचं केलं. त्याचीही ‘बटर कुकी’! बिस्किट म्हणायची लाज वाटते? परवा चहासोबत खायला बटर मागितले. पठ्ठ्यानं फ्रिजमधून लोण्याची वडी काढून दिली!