खुलासा: ‘गोदावरीतला ट्राउट निम्मा झाला’ हे खरं नाही

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन फोटोंचा मेसेज फिरतोय : गोदावरीतला ट्राउट मासा पूर्वी हातभर होता, आता वीतभर. मुळात गोदावरीत ट्राउट नसतो. त्याला साधारण २० अंशांखालचं वाहतं पाणी लागतं. आपल्याकडे तो हिमालयात आणि निलगिरी-मुन्नारच्या थंड ओढ्यांत सोडलेला आहे. इथे जाळ्यात येतात कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी.

मासे लहान होऊ शकतात, पण बाजारातल्या टोपलीवरून ते ठरत नाही. फासजाळ्यात मासा आसाच्या (जाळ्याच्या भोकाच्या) मापानेच अडकतो : फार बारीक असला तर निसटतो, फार जाड असला तर डोकंच शिरत नाही. आस बारीक केला की मासळी ‘लहान झाली’! चिलापी दाटीत लवकर अंडी घालते आणि खुजी राहते, तो प्रकार वेगळाच.

तुलना करायची तर जात एक, महिना एक, आस एक. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजा, सोबत वजन घ्या. लांबी १० टक्के घटली तर रुंदी-जाडीही तेवढीच घटून वजन सुमारे २७ टक्के घटतं, त्यामुळे नुसत्या वजनाचे आकडे उगाच धडकी भरवतात.