‘तिला तुमचे टक्के सांगू का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप असा की कोविडनंतर रेंगाळणाऱ्या लक्षणांचं प्रमाण मी ‘आठांत एक’ असं लिहिलं, इटलीत मात्र ते ८७ टक्के निघालं होतं. म्हणजे मी लोकांचा त्रास कमी लेखतोय. शिवाय २०२४ च्या चिकुनगुन्यापासून तुमच्या पत्नीला सकाळी कणीक मळता येत नाही, आणि ‘तिला तुमचे टक्के सांगू का?’ असं तुम्ही विचारलंत.

आधी ते ८७ टक्के. आकडा खरा आहे. २०२० च्या वसंतात रोममध्ये १४३ रुग्णांना विचारून तो काढला. पण ते सगळे रुग्णालयात सरासरी तेरा-चौदा दिवस काढून घरी आलेले होते, आणि त्यांना विचारलं ते आजार सुरू झाल्यापासून साधारण दोन महिन्यांनी. बहुतेकांना न्यूमोनिया झालेला होता. अशा माणसाला दोन महिन्यांत थकवा नसता तरच नवल. घरच्या खोलीत दार लावून, पॅरासिटामॉल घेऊन बरे झालेले त्यात नव्हतेच. आयसीयूच्या दारात उभं राहून अख्ख्या कोथरूडची तब्येत ठरवण्यासारखं आहे हे.

‘आठांत एक’ मी घेतला तो नेदरलँड्समधल्या अभ्यासातून. तो २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शहात्तर हजारांवर लोकांना तीच ती २३ लक्षणांची प्रश्नावली पुन्हा पुन्हा भरायला लावली होती, कोविड व्हायच्या आधीपासून. त्यामुळे कुणाची कंबर आधीपासूनच दुखत होती हे कागदावर होतं. कोविड झालेल्यांपैकी २१.४ टक्क्यांना तीन ते पाच महिन्यांनंतर एखादं तरी लक्षण पूर्वीपेक्षा बरंच वाढलेलं होतं. आणि त्याच वयाच्या, कोविड न झालेल्यांत? ८.७ टक्के! वजाबाकी केली की १२.७ उरतात, म्हणजेच आठांत एक. ही वजाबाकी बहुतेक बातम्यांमध्ये नसते आणि माझा सगळा जीव तिच्यातच अडकलाय. पन्नाशीनंतर धाप लागायला विषाणूच हवा असं नाही, पर्वतीच्या पायऱ्या पुरतात.

आता ‘कमी लेखतोय’ याबद्दल. आठांत एक हे तुम्हाला कमी वाटतं? पुण्यात किती लाख लोकांना कोविड होऊन गेला ते आठवा आणि भागाकार करा. अर्थात तो अभ्यास २०२१ च्या ऑगस्टपर्यंतचा आहे. ओमायक्रॉननंतरचं आणि लस घेतलेल्यांमधलं प्रमाण यापेक्षा कमी आढळलंय, त्यामुळे तोच आकडा आज जसाच्या तसा लावू नये.

शिवाय कोविड हा यातला पहिला नव्हे. ऑस्ट्रेलियात डबो नावाच्या गावी तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या २५३ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. त्यातला एक जिवाणूचा, दोन विषाणूंचे. आणि त्या दोनांपैकी ‘रॉस रिव्हर’ हा तर चिकुनगुन्याच्याच कुळातला. सहा महिन्यांनंतर १२ टक्के लोक अजून गळून गेलेले होते, आजार तिन्हींपैकी कुठलाही असो. कोण गळून राहील याचा अंदाज माणसाच्या स्वभावावरून किंवा मनःस्थितीवरून बांधता आला नाही. सुरुवातीचा आजार किती जोरात होता, त्यावरून आला. वहिनींना कुणी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणालं असेल (म्हणतातच), तर हे खुशाल ऐकवा.

चिकुनगुन्याच्या बाबतीत मात्र तुमच्याशी माझं भांडणच नाही. माझा लेख कोविडपुरता होता, आणि तो आकडा चिकुनगुन्याला लावायचं काही कारण नाही. इथे सांधेदुखी रेंगाळण्याचं प्रमाण खूपच मोठं आहे. अभ्यासागणिक ते बदलतं, पण काही महिन्यांनंतरही पाव ते निम्मे रुग्ण कुरकुरत असतात, आणि रियुनियन बेटावर २००५-०६ च्या साथीनंतर काहींचं दुखणं वर्षानुवर्षं चाललं. आपल्याकडे तरी हा पाहुणा नवा कुठे आहे? १९७३ मध्ये बार्शीला साथ आली होती, मग २००६ मध्ये तो राज्यभर फिरला. त्या वर्षी जिन्याला धरून एकेक पायरी आडवं उतरणारी माणसं आमच्या वाड्यातच तीन-चार होती.

तेव्हा टक्के वहिनींना सांगूच नका. टक्के गर्दीचे असतात, बोटं त्यांची आहेत. इतके महिने सकाळी हात आखडतायत, सांधे सुजतायत, तर नुसत्या वेदनाशामकांवर दिवस काढू नयेत. संधिवाततज्ज्ञाला दाखवा. चिकुनगुन्यानंतरचं दुखणं आमवातासारखं दिसू शकतं, आणि क्वचित खरोखरीचा आमवातही याच सुमारास डोकं वर काढतो. दोन्हींचे उपचार एकच नाहीत. जाताना तेव्हाचा रक्ताचा रिपोर्ट बरोबर न्या. सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, तेही चार दिवस घड्याळ लावून टिपून ठेवा. डॉक्टर ते हमखास विचारतील.