जागा सुटली, आता तुम्हीही सुटा

तुमचा मतदारसंघ मित्रपक्षाला सुटला, हे तुम्हाला अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी टीव्हीवरच्या पट्टीतून कळलं असेल, तर आधी अभिनंदन घ्या. तुमच्या मतदारसंघाला वर भाव आहे. अदलाबदलीत चालतो म्हणजे खणखणीत नाणं आहे. (यंदा आमचाही चालला. कशाच्या बदल्यात, ते अजून कळायचं आहे.) अशा प्रसंगी सुज्ञ मतदाराने कसं वागावं, याच्या या काही सूचना.

पहिली म्हणजे धीर धरा. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा 288, आणि युतीतल्या तीन पक्षांना प्रत्येकी किमान दीडशे हव्यात, तेव्हा वेळ लागणारच. सूत्र ठरलेलं आहे: विद्यमान आमदार ज्याचा, जागा त्याची. आता तो आमदारच एका पक्षातून निवडून येऊन दुसऱ्यात गेलेला असतो आणि जागेवर दोघेही हक्क सांगतात, याला सूत्र काय करणार? महिनाभर तुम्हाला ‘नव्वद टक्के जागांवर एकमत झालंय’ असं ऐकू येईल. तुम्ही राहिलेल्या दहा टक्क्यांत आहात असं समजून चाला.

एबी फॉर्मकडे मात्र लक्ष ठेवा. ए फॉर्मवर उमेदवार ठरवण्याचा अधिकार पक्षाने कोणाला दिला ते असतं, बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव. दोन्हींवर शाईची सही लागते, झेरॉक्स चालत नाही, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचावे लागतात. म्हणून पावणेतीनला तहसील कचेरीच्या जिन्यावर लिफाफा घेऊन धावणारा माणूस दिसला, की तुमचं भवितव्य चाललंय असं समजून बाजूला व्हा. कधी कधी दोन मित्रपक्षांचे दोन लिफाफे पोचतात आणि माघारीच्या दिवशी कोणीच माघार घेत नाही. त्याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. एकाच नेत्याचा फोटो दोघांच्याही बॅनरवर असतो. तुम्ही दोघांनाही नमस्कार करा.

यंत्रावर आपलं चिन्ह शोधू नका. 2024 च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी एक उमेदवार जाहीर केला, मग बदलला, आणि बदललेल्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या क्षणी अर्ज मागे घेतला. हाताचा पंजा यंत्रावर आलाच नाही. आयुष्यभर त्याच चिन्हाला मत देणाऱ्या म्हातारीने त्या दिवशी कुठे बोट ठेवायचं होतं? त्याच निवडणुकीत दक्षिण सोलापुरात महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरे सेनेचा होता, आणि काँग्रेसच्या नेत्यांनी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला तो मतदानाच्या दिवशी. सकाळी सातला रांगेत उभे राहिलेले उत्साही लोक फसले. तेव्हा मतदानाला संध्याकाळी पाच पंचावन्नला जावं. तोवर भूमिका पक्की झालेली असते.

उमेदवार कोणत्या पक्षाचा, असं विचारू नका. कालपर्यंत भाजपमध्ये होता, जागा शिंदे सेनेला सुटली, ऑक्टोबरमध्ये प्रवेश, ऑक्टोबरमध्येच तिकीट: 2024 ला कुडाळ आणि मुंबादेवीत हेच झालं. पक्षाचा कोटा पूर्ण, माणूसही घरचाच.

‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण, दाबायला हरकत नाही. विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी त्याच्या खालोखालचा निवडून येतो, त्यामुळे युतीधर्माला बाधा येत नाही.

उमेदवार पडला तर दोष आपला माना. ‘मित्रपक्षाची मतं ट्रान्सफर झाली नाहीत’ असं विश्लेषण दुसऱ्या दिवशी येतं. तुम्ही बदलीच्या नोकरीत आहात, आदेश आला की सामान बांधायचं. 2024 च्या लोकसभेला सांगलीकरांनी ते केलं नाही. जागा ठाकरे सेनेला सुटली, काँग्रेसचा माणूस अपक्ष उभा राहिला आणि निवडून आला. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा. केवढी ही बेशिस्त!

आणि निकालानंतर आपलं मत कुठे गेलं, याची चौकशी करू नका. मतदान यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे तुमच्या मताची चिठ्ठी 7 सेकंद दिसते, तेवढा वेळ ते तुमचं. 2014 ला भाजप-सेनेची युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी दोन्ही एकाच दिवशी मोडल्या, 25 सप्टेंबरला. अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. प्रचारभर भाजप आणि शिवसेना एकमेकांवर तुटून पडले, सेनेने विरोधी पक्षनेतेपदही घेतलं, आणि डिसेंबरात दोघं एकाच मंत्रिमंडळात. 2019 ला उलट. एकत्र मतं मागितली, भाजप 105, सेना 56, बेरीज 161, बहुमताला लागतात 145. 24 ऑक्टोबरला निकाल, 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, 23 ला पहाटेचा शपथविधी, 28 ला तिसरंच सरकार. मग जून 2022 ला सेना फुटली, मग जुलै 2023 ला राष्ट्रवादी. ज्याला पाडायला मत दिलं तो मंत्री, ज्याला आणायला दिलं तो विरोधात, आणि दोघंही म्हणतात जनतेचा कौल आम्हालाच! कसला कौल? कोणाचा?

आणि यातलं काहीही बेकायदा नाही. नोंदणी होते ती पक्षाची, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 अ खाली. युतीची कुठेच होत नाही. राज्यघटनेतली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आमदाराला पक्षाशी बांधते, युतीशी नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने मात्र म्हणून ठेवलंय की राज्यपालांनी सरकार बनवायला निवडणूकपूर्व आघाडीला आधी बोलवावं. म्हणजे मान पहिला, बंधन शून्य. एक खोली भाड्याने द्यायची तर अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागतो, आणि राज्य पाच वर्षांसाठी घेताना कागद नाही. 2019 चा सगळा तमाशा कशावरून झाला? अडीच वर्षांच्या मुख्यमंत्रिपदाचा शब्द भाजपने सेनेला बंद खोलीत दिला होता की नव्हता, यावरून. जवळपास नऊ कोटी मतदारांपैकी त्या खोलीत एकही नव्हता.

आता सरळच सांगतो. युती करू नका, असं कोणी म्हणत नाही. ज्याला जास्त मतं तो विजयी, या पद्धतीत मतविभागणी टाळायला पक्ष एकत्र येणारच, त्यात गैर काही नाही. पण मग लिहून द्या. कोणती जागा कोणाला, ही यादी अधिसूचना निघण्याआधी लावा, शेवटच्या दुपारी नाही. मुख्यमंत्री कोण, किती काळ, मोडलं तर पुढे काय, हे सह्यांसकट छापा. एवढंही करायची लाज वाटते, तर एकत्र मतं मागताना का वाटत नाही? आणि तुम्ही हो, ‘वरून आदेश आलाय’ म्हणत कालच्या शिव्या गिळून आज त्याच माणसाची पत्रकं वाटणारे! तुम्हाला कोणी पगारावर ठेवलंय का? पुढच्या सभेत ‘एकदिलाने काम करा’ सांगायला कोणी आला, तर त्याच्याकडे सह्यांचा कागद मागा. नसेल तर माईक खाली ठेवायला सांगा.