दहा लाख मतं, दोन जागा आणि अर्ध्यावर सोडलेली बेरीज

ग्लासगोतल्या मराठी मंडळींच्या आमच्या ग्रुपवर एरवी गणपतीची वर्गणी, भाड्याने खोली आणि 'कोणी इंडियाला जातंय का, दोन किलो सामान आहे' एवढंच चालतं. निवडणुकीचा विषय निघाला की मात्र एक फॉरवर्ड हमखास उगवतो. २०२१ पासून स्कॉटलंडमध्ये तो इंग्रजीत फिरतोय. आमच्याकडे कोणीतरी त्याचं मराठी करून, खाली आपली टिप्पणी जोडून टाकलाय. मजकूर थोडक्यात असा: स्कॉटिश संसदेच्या २०२१ च्या निवडणुकीत एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणारा पक्ष) प्रादेशिक यादीवर (इथे प्रत्येकाला दोन मतं: पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं विभागातल्या पक्षाच्या यादीला) १० लाखांहून जास्त मतं पडली आणि जागा मिळाल्या २. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ६ लाख ३७ हजार मतं, जागा २६. म्हणजे सरळसरळ चोरी. तेव्हा एसएनपीवाल्यांनी दुसरं मत भलत्याच पक्षाला द्यावं, कारण ते वायाच जातं. यादीवरचे आमदार म्हणजे मतदारसंघात पडून मागच्या दाराने आलेले लोक, 'आपल्या विधान परिषदेसारखं पुनर्वसन'. आणि ही सगळी पद्धत लंडनने आखली ती एसएनपीला कधी बहुमत मिळू नये म्हणूनच.

इथे व्हिसावर राहणाऱ्या आपल्या लोकांनाही या निवडणुकीत मत आहे, सोळा वर्षांच्या मुलांनाही आहे. त्यामुळे हे नुसतं चहासोबतचं राजकारण नाही. हे वाचून लोक खरंच शिक्का, म्हणजे इथे पेन्सिलीची फुली, कुठे मारायची ते ठरवतात.

आकडे आधी मान्य करतो. ते बरोबर आहेत. एसएनपीची यादीवरची मतं १०,९४,३७४, कॉन्झर्व्हेटिव्हची ६,३७,१३१. जागा २ आणि २६, हेही खरं. खोट आकड्यांत नाही, आकडे कुठून मोजायला घेतले त्यात आहे. स्कॉटलंडचे आमदार १२९. त्यातले ७३ आपल्यासारखेच एका मतदारसंघातून एक, जास्त मतं तो विजयी. उरलेले ५६ आठ विभागांतून, प्रत्येक विभागात ७. यादीच्या जागा ही वेगळी शर्यत नाही. ७३ जागांत जो असमतोल होतो तो थोडाफार भरून काढायला त्या ठेवल्यात. फॉरवर्डवाल्याने भरपाईचा रकाना वाचला आणि मूळ रकाना झाकून ठेवला. त्या रकान्यात काय होतं? एसएनपीला मतदारसंघांत ४७.७ टक्के मतं आणि ७३ पैकी ६२ जागा. म्हणजे जवळपास ८५ टक्के. यावर 'चोरी' म्हणून कोणी फॉरवर्ड काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. दोन्ही मिळून एसएनपीच्या जागा झाल्या ६४, बहुमताला एक कमी. यादीवरची मतं ४०.३ टक्के, जागा साडेएकोणपन्नास टक्क्यांहून थोड्या जास्त. लुबाडलेल्या माणसाच्या खिशात सहसा आधीपेक्षा जास्त पैसे सापडत नाहीत.

आता आपल्याच ग्लासगो विभागाचा हिशोब मांडू, कारण तो एका पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावतो आणि मी तो तसाच केलाय.

२०२१ मध्ये या विभागात ९ मतदारसंघ होते आणि नऊच्या नऊ एसएनपीने जिंकले. यादीची मतं: एसएनपी १,३३,९१७, लेबर ७४,०८८, कॉन्झर्व्हेटिव्ह ३७,०२७, ग्रीन ३६,११४. बाकीचे फार मागे. यादीच्या जागा डी'हाँट पद्धतीने वाटतात; तीत पक्षाच्या मतांना भागायचं ते त्याने जिंकलेल्या जागा अधिक एक या संख्येने. एसएनपीच्या ९ जागा आधीच आहेत, म्हणून भागिले १०: उरले १३,३९१. बाकीच्यांच्या शून्य, म्हणून भागिले १. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, पहिली जागा त्याची; मग त्याचा भाजक एकने वाढतो आणि पुढची फेरी. पहिली जागा लेबर (७४,०८८). दुसरीही लेबर, कारण ७४,०८८ चे निम्मे ३७,०४४, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ३७,०२७ वर. सतराचा फरक! तिसरी कॉन्झर्व्हेटिव्ह, चौथी ग्रीन, पाचवी आणि सहावी लेबर. सातव्या जागेला कॉन्झर्व्हेटिव्हचे निम्मे १८,५१३, ग्रीनचे निम्मे १८,०५७. जागा कॉन्झर्व्हेटिव्हची. ती मिळाली यादीवर दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या डॉ. संदेश गुल्हाने यांना. आडनाव वाचून वऱ्हाडातल्या वाचकाने मान वर केली असेल.

ग्रीन पक्षाला आणखी ९१४ मतं मिळाली असती तर ती जागा त्यांची होती. त्याच मतपत्रिकेवर 'इंडिपेंडंट ग्रीन व्हॉइस' नावाचा एक भलताच पक्ष होता, त्याला २,२१० मतं पडली. नावातल्या 'ग्रीन'ने किती जणांची फुली चुकली, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. नामसाधर्म्याचे डमी उमेदवार आपल्याला नवीन नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. मतदारसंघ बिलकुल नसते आणि सोळाच्या सोळा जागा याच यादीच्या मतांवर याच पद्धतीने वाटल्या असत्या तर? एसएनपी ८, लेबर ४, कॉन्झर्व्हेटिव्ह २, ग्रीन २. प्रत्यक्षात एसएनपी ९, लेबर ४, कॉन्झर्व्हेटिव्ह २, ग्रीन १. म्हणजे ग्लासगोत एसएनपीची जागा गेली नाही, एक जास्तच आली. आणि ती आली ग्रीनच्या वाट्यातून. 'आमची मतं खाल्ली' अशी ओरड ग्लासगोपुरती कोणी करायचीच असेल तर ती ग्रीनवाल्यांनी करावी.

दुसरं मत वाया जातं, हा मुद्दा मला फॉरवर्डमधला सर्वांत हुशार वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. एसएनपीच्या त्या १,३३,९१७ मतांतून ग्लासगोत यादीचा एकही आमदार झाला नाही, हे सत्य. त्यातल्या ९१४ जणांनी ग्रीनला मत दिलं असतं तर सातवी जागा फिरली असती, हेही सत्य. पण हे निकालानंतरचं शहाणपण. मतदानाच्या दिवशी कोणाला ठाऊक असतं की नऊच्या नऊ आपलेच येणार?

समजा त्यातले तीन मतदारसंघ लेबरने खेचले असते आणि यादीची मतं आहेत तशीच राहिली असती. मग एसएनपीला भागायचं १० ने नव्हे, ७ ने: १९,१३१. लेबरला १ ने नव्हे, ४ ने: १८,५२२. पाकीट उलटं करून परत सात फेऱ्या लावा. यादीवर कॉन्झर्व्हेटिव्ह २, ग्रीन २, एसएनपी २, लेबर १. म्हणजे एसएनपीने तीन मतदारसंघ गमावले तरी एकूण जागा ९ वरून ८ वर, एकच कमी. आणि लेबरने तीन मतदारसंघ जिंकूनही एकूण ४ च. दुसरं मत म्हणजे विम्याचा हप्ता. वर्षभर आजारी पडलो नाही म्हणून हप्ता बुडाला असं म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाय सगळा स्कॉटलंड म्हणजे ग्लासगो नव्हे. २०२१ च्या त्या 'फक्त २' जागा आल्या कुठून? हायलँड्स अँड आयलंड्स आणि साउथ स्कॉटलंड या विभागांतून, जिथे पक्षाने काही मतदारसंघ गमावले होते. आणि २०११ मध्ये नॉर्थ ईस्ट स्कॉटलंडमध्ये एसएनपीने दहाच्या दहा मतदारसंघ जिंकून वर यादीचीही एक जागा घेतली, कारण तिथे यादीवरच निम्म्याहून जास्त मतं होती. दुसरं मत दुसऱ्याला देऊन स्वातंत्र्यवाद्यांचं महाबहुमत आणू, असं सांगत २०२१ मध्ये 'अल्बा' पक्ष उतरला होता, त्याचे पुढारी एसएनपीचेच माजी नेते अॅलेक्स सामंड. मतं ४४,९१३, जागा शून्य. वाया जाणं म्हणतात ते हे.

जाता जाता: 'दुसरं मत' म्हणजे 'दुसरी पसंती' नव्हे. ग्रुपवर दोघातिघांनी तसं लिहिलंय. दोन स्वतंत्र मतपत्रिका मिळतात, २०२१ मध्ये मतदारसंघाची फिकट जांभळी, विभागाची पीचच्या रंगाची. दोन्हींवर एकेक फुली. २००७ मध्ये दोन्ही मतं एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापली होती, डाव्या रकान्यात विभाग, उजव्यात मतदारसंघ. त्याच दिवशी स्थानिक निवडणुकीचा पसंतीक्रमाचा तिसरा प्रकार. परिणामी सुमारे १ लाख ४६ हजार मतं बाद झाली. तेव्हापासून कागद वेगळे.

आता 'मागच्या दाराने'. इथे विधान परिषदेची उपमा कुणालाही सुचेल, मलाही सुचली होती. पण विधान परिषदेवर बहुतेकांना पाठवतात आमदार, नगरसेवक किंवा राज्यपाल. यादीवरच्या आमदाराला थेट लोकांनी मत दिलेलं असतं, आणि मतपत्रिकेवर जागा दिलेली असते ती याच कामासाठी. पगार तोच, सभागृहातलं मत तेच. ग्लासगोतल्या प्रत्येक माणसाचे आमदार आठ: मतदारसंघाचा एक, विभागाचे सात. मतदारसंघाच्या आमदाराने पत्राला उत्तर दिलं नाही तर उरलेल्या सातांपैकी कुणाचंही दार ठोठावता येतं.

आणि पडलेले म्हणाल, तर निकोला स्टर्जन १९९९ आणि २००३ मध्ये गोव्हन मतदारसंघात पडल्या होत्या. दोन्ही वेळा ग्लासगोच्या यादीतून आल्या. २००७ मध्ये गोव्हन जिंकला, २०१४ मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथल्या मुख्यमंत्री, झाल्या. ज्या पक्षाच्या नावाने हे फॉरवर्ड फिरतंय, त्याच पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या. बशीर अहमद, जन्म अमृतसरचा, ग्लासगोत बसवर काम केलेला माणूस, २००७ मध्ये याच यादीतून स्कॉटलंडचे पहिले आशियाई आमदार झाले आणि त्यांनी इंग्रजीबरोबर उर्दूतही शपथ घेतली. त्यांच्या हाताखाली काम करणारा हमझा युसुफ नावाचा पोरगा २०११ मध्ये याच यादीतून आला आणि २०२३ मध्ये फर्स्ट मिनिस्टर झाला. २०२१ मध्ये लेबरच्या यादीतून पॅम डंकन-ग्लॅन्सी आल्या, कायम व्हीलचेअर वापरणाऱ्या पहिल्या आमदार. मागचा दरवाजा असेल, पण त्यातून आत आलेली माणसं पुढच्या दाराने फारशी आत घेतली जात नव्हती, एवढं नक्की.

पडलेल्यांना यादीवर बंदी घालून पाहिलेली आहे, शेजारच्या वेल्समध्ये. २००३ मध्ये क्लुइड वेस्ट मतदारसंघात हरलेले तीन उमेदवार नॉर्थ वेल्सच्या यादीतून आत आले, त्यावरून गदारोळ झाला आणि २००६ च्या कायद्याने दोन्हीकडे उभं राहायला मनाई झाली. २०१४ च्या कायद्याने ती मनाई काढून टाकली.

लंडनच्या कटाबद्दल फार लिहीत नाही. पद्धत ठरली ती स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशनल कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे लेबर, लिबरल डेमोक्रॅट, चर्चेस आणि कामगार संघटना यांच्या बैठकांत. त्यांचा अंतिम मसुदा १९९५ चा. एसएनपी त्यात नव्हती कारण ती स्वतःहून बाहेर राहिली. एका पक्षाला सहज बहुमत मिळू नये हे आखणाऱ्यांना चाललं असतं, यात शंका नाही. पण पहिला फटका बसला तो लेबरलाच: १९९९ मध्ये ग्लासगोतले तेव्हाचे दहाच्या दहा मतदारसंघ लेबरने जिंकले आणि यादीवर एक जागा मिळाली नाही. त्या वेळी यादीच्या सातपैकी चार जागा कोणी नेल्या? एसएनपीने. आणि 'कधीच बहुमत नाही' म्हणावं तर २०११ मध्ये एसएनपीने ६९ जागा घेतल्या, त्यातल्या १६ यादीच्या.

तक्रार करायचीच असेल तर पद्धतीत खऱ्या उणिवा आहेत. यादीतला क्रम पक्ष लावतो, मतदाराला तो बदलता येत नाही. यादीचा आमदार गेला की पोटनिवडणूक नाही. पक्षाच्या यादीतलं पुढचं नाव आत येतं. २००९ मध्ये बशीर अहमद वारले तेव्हा तसंच झालं. आणि अपक्षाच्या मागे तर पुढचं नावच नसतं. मार्गो मॅकडोनल्ड लोथियन विभागातून २००३, २००७, २०११ अशा तीनदा अपक्ष निवडून आल्या. एप्रिल २०१४ मध्ये त्या गेल्या आणि ती खुर्ची मे २०१६ पर्यंत रिकामी राहिली. यावर कोणी फॉरवर्ड लिहा, मी स्वतः चार ग्रुपवर टाकतो.